रेश्माचं लग्न आणि आठची गोळी

तेरखेड्याची फातिमाबी आमच्या केंद्रात पहिल्यांदा आली ती भांडायला. सकाळची वेळ, बाहेर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली, आणि ही बाई रांग न बघता सरळ माझ्या खोलीत शिरली. बुरखा डोक्यावरून मागं सारला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "वाशीची रेश्मा तुमच्याकडून गोळ्या नेती का न्हाय, येवढं एकच सांगा. माझ्या एकुलत्या एक पोरानं तिच्याशी लगीन करायचं धरलंय."

मी म्हणाले, "इथं कोण येतं आणि कोण येत नाही, ते मी सांगू शकत नाही. तसा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं."

"मंग तुमी हितं कशाला बसलाव?"

प्रश्न रास्त होता. वाचकांनाही पडेल, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

मी धाराशिवला एआरटी केंद्रात समुपदेशक होते. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, खिडकीतून ते फार्मासिस्ट देतात, आणि समुपदेशकाकडं राहतं ते बोलणं. त्याहून जास्त, ऐकणं. आपल्या रक्तात एचआयव्ही आहे हे ज्याला थोड्या वेळापूर्वीच कळलंय, त्याला समोर बसवून सांगायचं, की बाबा, तू यानं मरणार नाहीस. पण आजपासून रोज गोळी, ठरल्या वेळी, जन्मभर. वाक्य सोपं आहे. पण आपली माणसं ताप उतरला की उरलेल्या गोळ्या खिडकीत ठेवून देणारी. काही दुखत नाही, खुपत नाही, तरी वर्षानुवर्षं गोळी घ्यायची, हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले.

आणखी एक नियम होता. बाजारात पेशंट समोरून आला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्यानं हाक मारली तर बोलायचं, नाहीतर अनोळखी माणसासारखं पुढं जायचं. माझ्या नवऱ्याचा कित्येक वर्षं समज होता, की माझं गावात कुणाशीच पटत नाही.

तर रेश्मा. नाव खरं नाही. या लेखातलं कुणाचंच खरं नाही. लिहायच्या आधी मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाव बदला मॅडम, पण गोष्ट बदलू नका."

ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा शाळेत जायच्या वयाची होती, पण अंगापिंडानं तीन वर्षांच्या पोरीएवढी. तिच्या आईचे वडील, बाबूभाई, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात शिवणकाम करायचे. ते तिला खांद्यावर घेऊन आले होते. बाप आधीच गेलेला. मग आई गेली. आणि ती गेली तेव्हा आमच्या जिल्ह्यात ही औषधं अजून आली नव्हती. फार नाही, दीडेक वर्षाचं अंतर पडलं. बाबूभाई हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हते, पोरीच्या फ्रॉकची शिवण बोटानं चाचपत होते. त्या सुरुवातीच्या काळातल्या अशा कितीतरी आया माझ्या मनात राहून गेल्यात. औषध होतं, आमच्यापर्यंत यायला त्याला उशीर झाला.

ही औषधं करतात काय, ते मी बाबूभाईंना सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. त्या पेशी म्हणजे रोगाशी लढणारी आपली माणसं. त्यांच्यात शिरून त्यांच्याकडूनच तो आपल्या नकला काढून घेतो, आणि पेशी मरते. असं चालू राहिलं, की साधा खोकला आणि साधे जुलाबही जिवावर बेततात. औषध या नकला काढण्याच्या कामात खीळ घालतं. एकच औषध दिलं तर विषाणू त्याला चुकवायला शिकतो, म्हणून तीन औषधं एकदम, वेगवेगळ्या जागी अडवणारी. नकला थांबल्या, की पेशी पुन्हा वाढतात आणि माणूस उभा राहतो. विषाणू मात्र पुरता जात नाही. काही पेशींत दडून राहतो. गोळी बंद झाली की पुन्हा उठतो.

"म्हणजे पहारा द्यायचा," बाबूभाई म्हणाले.

"हां. सुट्टी नसलेला पहारा."

तेव्हा लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी होती. सकाळी आठला आणि रात्री आठला. बाबूभाई चमच्यात पाणी घेऊन ती विरघळवायचे आणि वर गुळाचा खडा द्यायचे. एसटीत गोळ्यांची बाटली खुळखुळली की लोक बघतात, म्हणून त्यांनी बाटलीला कापूस भरलेलं अंगडं शिवलं. निळ्या शर्टिंगचं, वर नाडी. ते इतकं बेतशीर होतं, की माझ्या सांगण्यावरून त्यांनी आणखी शिवली आणि आमच्या कितीतरी पेशंटांच्या पिशव्यांतून ती अंगडी जिल्हाभर फिरली.

आणि पोरगी वाढायला लागली. हे शब्दांत सांगणं अवघड आहे. दर महिन्याला ती केंद्रात यायची, आणि दर महिन्याला वजनकाटा थोडा पुढं सरकलेला असायचा. गाल भरले. केस दाट झाले. एकदा ती माझ्या खोलीत खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत चढली, तेव्हा मी तिला रागवायचं सोडून डॉक्टरांना बघायला हाक मारली. आम्ही दोघं दारात उभं राहून एखाद्या खेळाचा सामना बघावा तसं बघत होतो.

तिला मात्र माहीत नव्हतं. नानांनी, म्हणजे बाबूभाईंनी, सांगितलं होतं, की तुझं रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या आहेत. पोरगी समजत्या वयाची झाली, की तिला हळूहळू खरं सांगावं, असं मी बाबूभाईंना म्हणायची. ते दर वेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी, मॅडम. जरा हसू द्या तिला."

दहावीच्या वर्षी तिनं ते स्वतःच शोधलं. बाटलीवरचं इंग्रजी नाव मैत्रिणीच्या मोबाईलवर टाकून बघितलं. कुणाशी एक अक्षर बोलली नाही. रोज आठला नानांच्या समोर गोळी तोंडात टाकायची आणि आत जाऊन थुंकायची.

दोन-तीन महिन्यांत तिच्या कमरेवर नागीण उठली. पाणी भरलेल्या फोडांची रांग, आणि अंगात निखारे घातल्यासारखी आग. एवढ्या लहान वयात नागीण उठली, की आमच्या डॉक्टरांचे कान टवकारतात. त्यांनी व्हायरल लोडची तपासणी केली. ठरावीक मापाच्या रक्तात विषाणूच्या किती नकला फिरतायत, ते त्यात कळतं. रिपोर्ट आला तो वाईट. त्याच आठवड्यात बाबूभाईंना शिलाई मशीनखालच्या चिंध्यांत ओल्या होऊन सुकलेल्या गोळ्या सापडल्या.

ते तिला घेऊन आले. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. मी दार लावून घेतलं. रेश्मानं मला एकच विचारलं.

"माझी अम्मी कशानं गेली?"

मी बाबूभाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगा म्हणून. पण मी बोलायच्या आधी तेच बोलले.

"याच बीमारीनं गेली बेटा. तुझे अब्बा बी. तुला जन्मतःच आली. यात तुझं काय चुकलं न्हाय, तिचं बी न्हाय."

"मग रक्त कमी आहे असं का सांगितलं?"

"तू शाळेत जायची. लेकरं पोटात गोष्ट ठेवत न्हाईत. कुणी तुला बाकावरून उठवलं असतं तर म्या काय केलं असतं?"

ती खूप वेळ रडली. मग चिडली. मग म्हणाली, "मी गोळी खाल्ली काय, न खाल्ली काय, मरायचंच आहे ना? मोबाईलवर तसंच लिहिलंय."

तेव्हा मी उठून तिचं लहानपणीचं वजन आणि आताचं वजन तिच्यापुढं ठेवलं नाही, उपदेशही केला नाही. मी तिला विचारून बाहेर घेऊन गेले. बाकावर महादूआबा बसले होते, तामलवाडीचे शेतकरी, आमच्या सगळ्यात जुन्या पेशंटांपैकी एक. आपल्या आजाराबद्दल ते उघडपणे बोलायचे आणि नव्या माणसाला धीर द्यायला आपण होऊन पुढं व्हायचे. मी त्यांना म्हणाले, "आबा, या पोरीला वाटतंय की या गोळ्या खाणारी माणसं मरतात."

आबांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मरतात की," ते म्हणाले. "म्या बी मरणार हाय. पर आदी नातवाचं लगीन करणार, मंग बघू. तू किती वर्सं झाली खातीस?"

"लहानपणापासून."

"मंग तू तर माझ्यापरीस मुरलेली हायस. आन् मला काय इचारतीस?"

ती हसली नाही. पण डोळे पुसले. त्या दिवशी रात्री आठला तिनं गोळी गिळली, असा बाबूभाईंचा फोन आला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने नीट घेऊ द्या आणि पुन्हा तपासू. लोड उतरला नाही तर दुसऱ्या फळीची औषधं. तीही आहेतच, पण हातातलं एक हत्यार गेलं असा त्याचा अर्थ. त्या तीन महिन्यांत दर भेटीला आम्ही दोघी बोलायचो. आजाराबद्दल थोडं, बाकी दहावीनंतर काय करायचं, नाना फार घोरतात, वाशीत चांगली लेस मिळत नाही, असलंच. तपासणीचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा. ज्या दिवशी रिपोर्ट आला, त्या दिवशी मी तो उघडला आणि आधी मला कळेचना. आकडाच नव्हता. नंतर लक्षात आलं, आकडा नाही म्हणूनच तर आनंदाची गोष्ट आहे. यंत्राला रक्तात विषाणू सापडलाच नव्हता.

मी तिला फोन केला. "रेश्मा, सापडला नाही."

"कोण?"

"अगं, विषाणू!"

पलीकडं मशीनचा आवाज थांबला. मग बाबूभाईंना ओरडून काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं आणि फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं पेढे घेऊन हजर. लोकांनी विचारलं, कसले पेढे, तर म्हणाली, "पास झाले."

त्यानंतर तिचं आयुष्य सुरळीत चाललं. गोळ्याही सुधारत गेल्या. आधी दिवसातून दोनदा, मग रात्री एकदा, पण ती घेतली की काही जणांना गरगरायचं, भलभलती स्वप्नं पडायची. मग नवी गोळी आली. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, त्रास जवळजवळ नाही, आणि लोड भराभर खाली आणणारी. हा बदल आम्ही केंद्रातल्या लोकांनी दिवाळीसारखा साजरा केला म्हटलं तरी चालेल. रेश्मा नानांचं दुकान चालवायला लागली. तिच्या ब्लाऊजच्या गळ्यांना वाशीतच नाही, आजूबाजूच्या गावांतही मागणी होती.

आणि मग एक दिवस ती आली, समोर बसली आणि नुसतीच ओढणीचं टोक पिळत राहिली.

"काय गं?"

"मशीनची मोटर जळली होती मॅडम."

"मग?"

"ती भरून द्यायला सलीम आला होता. तेरखेड्याचा आहे. वाशीत मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे त्याचं." थोडं थांबून म्हणाली, "मोटर दुरुस्त झाली, तरी तो येतोच आहे."

मला हसू आवरेना. पण तिचा चेहरा गंभीर होता. "त्याला घेऊन येऊ का? मी सांगणार आहे त्याला. तुमच्यासमोर सांगते, म्हणजे त्याला काही विचारायचं असलं तर तुम्ही आहात."

"नाही म्हणाला तर?"

"तर म्हणू दे. माझं सगळं लहानपण लपवण्यात गेलं. संसार नाही लपवून करणार."

पुढच्या सोमवारी ती सलीमला घेऊन आली. काळासावळा, हडकुळा मुलगा, नखांत वॉर्निश अडकलेलं. रेश्मानं एका दमात सांगून टाकलं. मी फक्त टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. सलीम नखातलं वॉर्निश खरवडत राहिला.

मग त्यानं मला विचारलं, "मला लागंल का?"

ही गोष्ट अजून फार लोकांना माहीत नाही, म्हणून सरळ सांगते. जो माणूस रोज गोळी घेतो आणि ज्याच्या रक्तात तपासणीला विषाणू सापडत नाही, आणि हे टिकून आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. जगभरात हे तपासून पक्कं झालंय. अट एकच, गोळी चुकवायची नाही आणि तपासणी वेळच्या वेळी करायची. सलीमला मी हेच सांगितलं. तोही तपासून गेला. त्याच्यात काही नव्हतं.

"गोळी कधी असती?" त्यानं विचारलं.

"रात्री आठला," रेश्मा म्हणाली.

"मी दुकान साडेसातला बंद करतो." त्यानं तिच्याकडं बघून सांगितलं. "आठला आठवण मी करीन."

एवढं बोलून दोघं उठले. ते गेल्यावर मी पाच मिनिटं पुढच्या पेशंटला आत बोलावलंच नाही.

रेश्माची परवानगी घेऊन सलीमनं हे आईला सांगितलं, पण तिला ते खरं वाटेना. आणि ती आई म्हणजे फातिमाबी, जी त्या सकाळी माझ्या समोर खुर्ची ओढून बसली होती. नवरा लवकर गेला होता. फटाक्यांच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळून तिनं पोराला मोठं केलं होतं. तिची बोटं फटाक्यांच्या दारूनं कायमची करडी झालेली.

मी तिला म्हणाले, "मी कुणाबद्दल बोलणार नाही. पण रोगाबद्दल काय वाटेल ते विचारा. दिवसभर बसा."

तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "बरं. आसं समजा की एक पोरगी हाय."

"समजले."

"ती सैपाक करंल. तिच्या हातचं खाल्लं तर?"

"काही होत नाही."

"एका ताटात?"

"काही होत नाही. एका घागरीचं पाणी, एक संडास, एक गोधडी, कशानं काही होत नाही."

"आन् माझ्या पोराला?"

सलीमला सांगितलं तेच तिला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता, हे दिसत होतं. शेवटी तिनं खरा प्रश्न विचारला. आवाज एकदम खाली आला.

"लेकराला?"

"आई गोळ्या नीट घेत असेल, लोड सापडत नसेल, तर बाळाला लागायची भीती फारच थोडी राहते. जन्मल्याबरोबर बाळालाही काही आठवडे औषध देतात. अजिबात नाहीच होणार असं मी लिहून देणार नाही. पण माझ्यासमोर अशा आयांची लेकरं निगेटिव्ह निघालीत, शाळेत जातायत."

"तुमचा पोरगा आसता तर केली आसती का आशी सून?"

"माझा पोरगा असता," मी म्हणाले, "आणि त्यानं अशी पोरगी आणली असती, तर पहिल्यांदा घाबरले असते. मग इथं येऊन हेच विचारलं असतं, जे तुम्ही विचारलंत."

ती उठून गेली. मला वाटलं, संपलं. रेश्माला फोन करायचं धाडस होईना, आणि नियमानं करताही येत नव्हता.

पंधरवड्यानं रेश्मा गोळ्या न्यायला आली ती दारातूनच हसत. फातिमाबी दुकानात आली होती. बाबूभाई घाबरून उभे राहिले. ती म्हणाली, बसा भाईसाब, माप द्यायला आले. लग्नात घालायच्या कुर्त्याचं माप.

मी लग्नाला गेले. एरवी आम्ही जात नाही. आमची ओळख काय सांगायची हाच प्रश्न असतो. पण रेश्मानं हट्ट धरला आणि सगळ्यांना सांगितलं, "या माझ्या बाई, लहानपणी मला शिकवायच्या." जेवताना शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, कुठल्या शाळेत? मी बिर्याणीचा मोठा घास तोंडात घातला. बाबूभाईंनी पांढरी टोपी घातली होती आणि ते मांडवात नुसते इकडून तिकडं चालत होते, काही काम नसताना.

वर्षभरानं तिला दिवस गेले. आता फातिमाबीच दर खेपेला तिच्याबरोबर यायची. गोळी, लोहाच्या गोळ्या, तपासण्या, सगळं तिच्या देखरेखीखाली. आठव्या महिन्यात लोड तपासला, सापडला नाही. आमची सगळी तयारी झाली होती, आणि बाळानं मात्र आपली तयारी आधीच केली. तारखेच्या बरंच आधी, एका सकाळी सलीमचा फोन. "मॅडम, कळा सुरू झाल्यात. निघालोय."

मी फाटकात जाऊन उभी राहिले. तेरखेड्याहून धाराशिव काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. पेशंट आत खोळंबलेले. डॉक्टर मला दोनदा आत बोलावून गेले, मग तेही येऊन शेजारी उभे राहिले. रुग्णवाहिका आली, दार उघडलं, आणि आधी फातिमाबी उतरली. हातात कपड्यांचं बोचकं नाही, पैशाची पिशवी नाही. निळ्या अंगड्यातली गोळ्यांची बाटली घट्ट धरलेली. "रातची घेतलीय," ती मला म्हणाली. "आजची आठला द्यायची हाय. तितं आत सांगून ठिवा."

दुपारी मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. प्रसूतिकक्षातल्या सिस्टरनं बाळाच्या तोंडात औषधाचे पहिले थेंब सोडले, तेव्हा फातिमाबी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पुढचे कित्येक आठवडे ते औषध तिनंच पाजलं. आईचं दूध द्यायचं का, यावर तिनं माझी उलटतपासणी घेतली. आई गोळ्या घेतेय, तर पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे ऐकल्यावर तिनं घुट्टी घेऊन आलेल्या दोन नात्यातल्या बायकांना दारातूनच परत पाठवलं.

बाळ दीड महिन्याचं झालं, की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जाड कागदावर वाळवतात आणि तपासणीला पाठवतात. ते थेंब गेले आणि वाट बघणं सुरू झालं. सलीम रोज फोन करायचा आणि दुसरंच काही विचारायचा. मॅडम, तिकडं पाऊस हाय का? मॅडम, लाईट गेली का? मी म्हणायची, "नाही आला रे अजून." रिपोर्ट आला तेव्हा मी त्याला फोन लावला आणि म्हणाले, "पाऊस नाही, लाईट आहे, आणि पोरगी निगेटिव्ह आहे." तो म्हणाला, "एक मिनिट," आणि पलीकडं चालू असलेली कुठलीतरी मोटर बंद केली. "आता पुन्हा सांगा."

पण ही पहिली पायरी. मध्ये पुन्हा तपासण्या असतात, आणि शेवटचा शिक्का दीड वर्षाला, दूध सुटल्यावर. त्या दिवशी सगळं कुटुंब आलं. पोरगी केंद्रभर पळत होती आणि तिला पकडायला बाबूभाई काठी टेकत मागं. या वेळी निकाल त्याच दिवशी कळतो. डॉक्टर बाहेर आले आणि फक्त एक शब्द बोलले. रेश्मा खाली बसली, तिथंच फरशीवर. सलीम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. फातिमाबीनं नातीला उचललं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत राहिली. पोरीला कंटाळा आला आणि तिनं आजीचं नाक धरलं.

माझ्या नोकरीचे थोडेच दिवस उरले असताना फातिमाबी पुन्हा एकदा आली. या खेपेला रांगेत बसून. तिच्या बरोबर एक तरुण बाई होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, कारखान्यात तिच्याबरोबर नळ्या वळणारी. नवऱ्यामागोमाग तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली होती, आणि ती मरायच्या गोष्टी करत होती. मी नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं. फातिमाबीनं हातानं मला थांबवलं.

"ह्ये बघ," ती त्या बाईला म्हणाली, "आपल्याकडं दारू वली झाली की काय हुतं?"

बाई पदराआडून म्हणाली, "फुटत न्हाय."

"वात लावली तर?"

"तरी न्हाय."

"हां. आसती तितंच, पर फुटत न्हाय. ही गोळी त्येला वली ठिवती. रोज खायची. एक दिस बी वाळू द्यायचं न्हाय. मंग तू नळ्या वळ, सैपाक कर, लेकरं वाढीव."

"तुमाला कसं ठाव?"

"माझी सून खाती," फातिमाबी म्हणाली. "तिनंच तुला सांगायला लावलंय. नात माझी आंगणभर पळती, ये बघायला."

त्या बाईनं हळूच पदर मागं घेतला. खोलीत आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा मला दिसला. फार तर पंचवीस वर्षांची असेल. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "कवा सुरू करायची, मॅडम?"

"आजच," मी म्हणाले, आणि डॉक्टरांना बोलवायला उठले.